नकोबाचं गॅरेज

बाईंना इंजिनातलं फारसं कळत नव्हतं, पण माणसांतलं कळतं असा त्यांचा दावा होता. जन्मभर शिवणक्लास चालवला होता त्यांनी. नवा कापडवाला भेटला की बाई अगदी भोळा चेहरा करून विचारायच्या, "काय हो, हे धुतल्यावर आटत नाही ना?" उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं. कापडवाला "छे छे, नाव नको!" म्हणाला की कारभार आटोपला, पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तोच प्रश्न आधी विचारायचा, ही त्यांची रीत होती. हीच रीत आता बाई गॅरेजवाल्यांवर वापरायला निघाल्या होत्या.

त्याचं असं झालं. बाई आणि त्यांचे यजमान यांच्याकडे एक मोटरहोम होतं. यजमान शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे घरीदारी सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि मोटरहोमला घरगाडी म्हणत. पुढे दोन खुर्च्या, मध्ये शेगडी आणि इवलंसं टेबल, मागे पडद्याआड ऐसपैस पलंग. आता तुम्ही म्हणाल, निवृत्त माणसांना भलती हौस! पण हौस कसली? ती घेतली होती आक्कांसाठी. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, यांच्याकडेच राहणारी. त्यांच्या पाठीचं दुखणं मोठं चमत्कारिक. चालता यायचं, झोपता यायचं, बसणं तेवढं जमत नसे. कपभर चहा संपेस्तोवर बसल्या की कळ थेट मस्तकात जायची. मग प्रवास करायचा तर झोपूनच.

गेल्या वर्षी सगळे धाकटीकडे निघाले. धाकटी ही मास्तरांची आणि आक्कांची शेंडेफळ बहीण, घाटापलीकडे राहणारी. गाडी बाई चालवत होत्या. मास्तरांच्या हाती चाक दिलं की मागून सायकलवाले पुढे जायचे. ऐन घाटात इंजिन तापलं, वाफ निघाली आणि गाडी ठप्प. एकच तारांबळ उडाली. थांबलेल्या ट्रकमधून माणसं धावत आली आणि त्यांनी आक्कांना गादीसकट उचलून एका टेम्पोत नेऊन ठेवलं. आक्का तेव्हाही काही बोलल्या नाहीत आणि नंतरही नाही. मात्र पुन्हा त्यांनी प्रवासाचं नाव काढलं नाही. गाडी अंगणात उभी राहिली आणि आक्का दुपारी तिच्यातल्या पलंगावर पडून विणकाम करू लागल्या.

आणि आता धाकटीचा फोन आला होता. तिची नजर अधू होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढी नजरही आता फार दिवस टिकायची नाही. "दादा, तोवर आक्काला एकदा नीट बघून घेऊ दे रे," एवढंच म्हणाली ती. मास्तरांनी फोन बाईंच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. बराच वेळ सोडला. आक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ की," आणि पुढचा टाका घातला.

म्हणून गॅरेज हवं होतं, आणि तेही भरवशाचं. पुन्हा घाटात तेच झालं असतं तर आक्का जन्मात त्या गाडीत चढल्या नसत्या.

बाईंना इंजिनातली एकच गोष्ट माहीत होती. हवेची एक जाडजूड नळी असते, तिच्यावर लोखंडी पट्टी आवळलेली असते. ती सैल झाली की गाडी फुसफुसते आणि चढाला मरगळते. एकदा रस्त्यात एका ट्रकवाल्याने हे दाखवलं होतं. झालं! बाईंनी सकाळी गुपचूप स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पट्टी सैल केली आणि गाडी गॅरेजात नेली. मास्तरांना चकार शब्द सांगितला नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही आणि चेहऱ्यावर तर त्याहून नाही.

पहिलं गॅरेज असं चकाचक, की चप्पल बाहेर काढावी का असा प्रश्न पडावा. टाय लावलेल्या माणसाने इंजिनाचा आवाज ऐकला, डोळे मिटले आणि दुःखद बातमी दिली. "टर्बो गेला. इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. नवा घालावा लागेल."

"गेला?" मास्तर हळहळले.

"चला, इथे नको," म्हणून बाईंनी गाडी वळवली. दुसऱ्या गॅरेजवाल्याने तर बॉनेटसुद्धा उघडलं नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, अख्खं इंजिन उतरवावं लागेल. तिथूनही बाई तडक निघाल्या. मास्तर बिचारे गोंधळून गेले. "अगं, पण दोघंही काहीतरी बिघडलंय म्हणतात, तर तू ऐकून का घेत नाहीस?"

"मला माणसं कळतात," बाई म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावली. बाईंना वाटलं, पटलं.

शेवटी दूधगाडीच्या ड्रायव्हरने नकोबाचं नाव सांगितलं. खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. काहीही बदलून मागितलं तरी हा आधी "नको" म्हणतो, म्हणून नकोबा. "निम्मी गिऱ्हाइकं वैतागून निघून जातात," ड्रायव्हर म्हणाला. "उरलेली कधीच जात नाहीत."

त्या दिवशी आक्का म्हणाल्या, "मीही येते. घरी एकटी काय करू?" आणि मागे पलंगावर आडव्या झाल्या. बाईंनी पट्टी आधीच सैल केली होती. पण गाडीचं लक्षण काही ठीक दिसेना. साध्या रस्त्यावर धापा टाकायला लागली, काळा धूर सोडायला लागली, वर समोर पिवळा दिवाही लागला. हे काय भलतंच! बाईंच्या तळहाताला घाम फुटला. आपण पट्टी जास्तच सैल केली की काय? शेजारी बघतात तर मास्तरही रुमालाने मान पुसतायत.

नकोबाचं गॅरेज म्हणजे टायरच्या दुकानामागची पत्र्याची शेड. आत रेडिओ चालू, आणि नकोबा एका गाडीखालून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत होता. बाहेर आला तो गोल, टकला, कपाळावर चष्मा चढवलेला.

"टर्बो बदलायचाय म्हणे," मास्तरांनी सुरुवात केली.

"नको. आधी बघू."

त्याने बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. पहिल्या फटक्यातच म्हणाला, "ही पट्टी सैल आहे. टर्बोबिर्बो काही गेलेलं नाही." बाईंना असा आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. सापडला! देवमाणूस सापडला!

"पण आपोआप सैल झालेली नाही," नकोबा पुढे म्हणाला. "स्क्रूवर ताजा ओरखडा आहे. आणि हे बघा. हा सेन्सरचा प्लग. तुमचा पिवळा दिवा लागलाय तो याच्यामुळे. हाही कुणीतरी हाताने काढलाय. काढून वर छान बाजूला ठेवलाय."

बाई चमकल्या. प्लग? प्लगला तर आपण हात लावला नाही! मास्तरांना एकाएकी खोकला आला.

नकोबा आता गाडीच्या आत शिरला. या घरगाडीचं इंजिन निम्मं दोन खुर्च्यांच्या मधल्या झाकणाखाली होतं. झाकण काढून त्याने हवेच्या फिल्टरच्या डब्यात हात घातला, चाचपलं, आणि हळूहळू एक वस्तू ओढून काढली. तो एक हिरवा लोकरीचा मोजा होता. चांगला गुडघ्यापर्यंतचा.

शेडमध्ये रेडिओ तेवढा बोलत होता. नकोबाने तोही बंद केला.

"काका, एक विचारू? तुमच्यावर कुणी डूख धरून आहे का?"

आता मात्र बाईंना राहवेना. "अहो, नळीची पट्टी मी सैल केली. गॅरेजवाला खरं बोलतो का ते बघायला!"

"तू?" मास्तर ओरडले. "अगं, प्लग मी काढला! त्याच्याचसाठी! तू प्रत्येक गॅरेजातून तरातरा निघून यायला लागलीस, म्हटलं आपणच काहीतरी करावं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू सांगितलंस?"

नकोबा उलट्या क्रेटवर बसला आणि पोट धरून हसायला लागला. "धन्य आहात! घरातल्या घरात एकमेकांना पत्ता लागू देत नाही, आणि गॅरेज मात्र विश्वासाचं पाहिजे! बरं, मोजा कुणाचा?"

"माझा नाही," बाई म्हणाल्या.

"माझाही नाही," मास्तर म्हणाले.

"माझा," पडद्यामागून आवाज आला.

पडदा सरकला. आक्का उठून उभ्या होत्या, एका हाताने फडताळ धरून. "मी कोंबला तो. काल दुपारी. तू फिल्टर साफ करत होतास ना रे, तेव्हा तो डबा पाहिला होता मी." त्यांचा आवाज कापत होता. "परीक्षा-बिरीक्षा काही नाही. गाडी निघूच नये म्हणून. मला धाकटीला भेटायचंय रे, कुणाला नसेल भेटायचं? पण त्या दिवशी मला कपाट उचलावं तसं उचललं. परक्या माणसांनी. सगळा घाट बघत होता. लाजेने मेले मी."

मास्तर खाली बघू लागले. 

नकोबा मात्र सरळ माणूस. "पण आजी, तुम्ही तर उभ्या आहात. चालता येतं ना तुम्हाला?"

"येतं की! चांगली चालते."

"मग उचललं कशाला?"

आक्काच म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

बाईंना भडभडून आलं. आपल्याला माणसं कळतात म्हणे! धावपळीत गादीचं एक टोक त्यांनी स्वतःच धरलं होतं. त्या पुढे झाल्या आणि आक्कांचा हात धरून म्हणाल्या, "चुकलं आमचं, आक्का. साफ चुकलं. तुम्ही नाही म्हणालात तर गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. पण मोजा कोंबू नका, तोंडाने सांगा."

आक्कांनी बाईंचा हात हलकेच दाबला. त्या नकोबाकडे वळल्या. "खरं सांगा. पुन्हा बंद नाही ना पडणार?"

नकोबा चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "रेडिएटरची जाळी मातीने बुजली आहे, त्यानेच गाडी तापली होती. ती धुतो, पाण्याचा व्हॉल्व्ह बदलतो. तो मात्र बदलायला हवा. पण बंद पडणारच नाही असं मी म्हणणार नाही, आजी. यंत्र आहे ते. पडली तर फोन करा, मी येईन. आणि खाली उतरायचं झालं तर तुमच्या पायांनी उतरा, घाईघाई करणाऱ्यांना सांगा, थांबा जरा."

आक्का त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. "मागच्या वर्षी सगळे म्हणत होते, काही होणार नाही, काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "हा पहिला माणूस भेटला खरं बोलणारा. धुवा ती जाळी."

निघाले त्या दिवशी घाटात तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. बाई श्वास रोखून चालवत होत्या, मास्तर काट्यावर डोळे लावून बसले होते. माथ्यावर आक्कांनी मागून गाडी थांबवायला सांगितलं. बाईंनी घाबरून ब्रेक दाबला. पण आक्का म्हणाल्या, "मला उतरायचंय. वारा छान सुटलाय." पायऱ्या उतरून त्या रस्त्याच्या कठड्यापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि आपण होऊन पलंगावर पडल्या.

धाकटी दारातच उभी होती. तिला गाडीचा आवाज कळला, पण नजर गाडीच्या थोडी बाजूलाच लागली होती. आक्का उतरल्या आणि एकट्या चालत तिच्यापाशी गेल्या. धाकटीने दोन्ही हातांनी आक्कांचा चेहरा धरला, उजेडाकडे वळवला आणि नाकाला नाक लागेल इतकी जवळ आली. कितीतरी वेळ बघत राहिली. बाईंना वाटलं, उशीर झाला आपल्याला.

"अगं बाई," धाकटी म्हणाली, "केवढी म्हातारी झालीस गं आक्का! आणि हनुवटीवर हा केस कसला?"

एरवी आक्कांनी असलं बोलणं कुणाचं ऐकून घेतलं नसतं. पण त्या गर्रकन वळल्या, भावाकडे, भावजयीकडे बघून हसायला लागल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय त्याचीही शुद्ध नाही.

"ऐकलंत का रे?" त्या ओरडल्या. "दिसतंय तिला! अजून दिसतंय!"