दुपारी बाराला येणाऱ्या मॅडम

हॉटेलात काम करणाऱ्या माणसाच्या घरी दुपारी बाराला कोणी जात नाही. हे आमच्या शाळेत पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. बाराला आमचे बाप शेगडीपुढे उभे असतात, नाहीतर ट्रे घेऊन पळत असतात. साडेतीनला त्यांना ब्रेक मिळतो आणि साडेसहाला परत हजर. म्हणून आमची शाळा सकाळची, म्हणजे दुपारी तरी पोरांना बाप दिसावेत. पालकसभा बरोबर चारला. सभेत निम्मे बाप बसल्या बसल्या पेंगतात, पण बाई त्यांना उठवत नाहीत.

हे सगळं वेळापत्रक ज्यांनी बसवलं त्या मंडळाच्या गोदावरी मॅडम. मग त्याच मॅडम आमच्या घरी बाराला का याव्यात? तेही पंधरा दिवसांत तीनदा?

मी पायल, नववी ब. मागच्या वर्षापर्यंत मला हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही घाम फुटायचा. मग बाईंनी मला परिपाठाला बातम्या वाचायला उभं केलं, महिनाभर, रोज. महिना संपला तेव्हा माइक सोडायला मीच तयार नव्हते. तेव्हापासून मला दोन सवयी लागल्यात. मनात आलेलं बोलायचं, आणि कोणाचंही बोलणं तपासल्याशिवाय खरं मानायचं नाही. दुसरी सवय मम्मीला आवडत नाही. पहिलीही आवडत नाही म्हणा.

शाळा चालवतं ते ‘उपाहार कर्मचारी साहाय्यक मंडळ’. हॉटेलात भांडी घासणाऱ्यापासून काउंटरवरच्या मॅनेजरपर्यंत कोणी आजारी पडलं, भाजलं, गेलं, तर मंडळ धावून येतं. त्यांची एक शाळा इथे नाशकात, दुसरी मनमाडला. फी नाही, वह्या-पुस्तकं फुकट. अट एकच. दर जूनला पालकाच्या मालकाचं पत्र आणायचं की हा माणूस माझ्याकडे कामाला आहे. पत्र नाही तर नाव कमी.

आता गंमत बघा. मंडळ चालवणारे नऊ जण, आणि नऊच्या नऊ हॉटेलमालक. त्यातले एक पप्पांचे सेठ. म्हणजे मदत करणारेही तेच आणि कामावरून काढणारेही तेच. मी हे शाळेत बोलून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या, पायल, आधी गणिताचा गृहपाठ दाखव.

तर मला मॅडमची भीती का वाटत होती ते सांगते. पप्पांचं नाक गेलंय.

म्हणजे नाक जागेवर आहे. वास गेलाय. डिसेंबरात तापातून उठले आणि काहीच येईना. मला कळलं ते दुधामुळे. पप्पा ओट्याशी उभे, पातेल्यात दूध करपून काळं झालेलं, धूर यायला लागलेला, आणि ते आपले खिडकीबाहेर बघतायत. मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "मम्मीला नको सांगू."

पप्पा द्वारका चौकाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात ग्रेव्ही करतात. मल्हारी उस्ताद म्हणतात त्यांना तिथे. कांदा किती भाजला हे ते पाठमोरे उभे राहून वासावरून सांगायचे. असा माणूस वास गेल्यावर काय करतो? तर त्यांचे जोडीदार निवृत्तीकाका, ते वाढपी आहेत, ते ताट उचलताना बोट लावून चाखतात आणि हळूच सांगतात, मीठ टाक, उतरव, ठीक आहे. घरी हे काम माझं. करार असा की खोटं बोलायचं नाही. बेचव असेल तर बेचव म्हणायचं. म्हणजे हे गुपित आम्हा तिघांचंच. सेठला कळलं तर पप्पांचं काम जाणार, काम गेलं तर जूनचं पत्र नाही, आणि पत्र नाही तर मी दहावीला दुसऱ्या कुठल्यातरी शाळेत परत ‘हजर’ म्हणायला घाबरणार. हा सगळा हिशोब मी रोज रात्री झोपायच्या आधी करत होते.

अशात मॅडम बाराला दारात.

पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "इकडून चालले होते." आमचं घर एका गल्लीच्या शेवटी आहे, पुढे नाला. इकडून कोणीच कुठे जात नाही. मम्मी शिवणयंत्रावरून उठली आणि मला म्हणाली, "जा, साखर घेऊन ये." डबा साखरेने भरलेला होता. मी आणली साखर. आले तर दोघी गप्प.

दुसऱ्यांदा मम्मीने मला दोरे आणायला पाठवलं. या वेळी मी धावत गेले आणि धावत आले, तरी दाराबाहेरून एवढंच ऐकू आलं, "किती दिवस लपणार हे, मीनाताई." मी आत गेले तर मॅडम लगेच म्हणाल्या, "काय पायल, अभ्यास कसा चाललाय?" विषय बदलायची ही मोठ्यांची ठरलेली रीत आहे. पुरावा क्रमांक एक.

पुरावा क्रमांक दोन त्याच आठवड्यात मिळाला. मी शाळेतून येताना चहाच्या टपरीवर मॅडम उभ्या, आणि समोर कोण, तर निवृत्तीकाका. कामाच्या वेळेला, ॲप्रन घालून. मला बघून काका एवढे दचकले की चहा हातावर सांडला.

"काका, तुम्ही इथे?"

"मी होय? पाव आणायला आलतो."

"पाव कुठेत?"

"आता आणतो ना. तू घरी जा बरं, पोलीस झाली का काय."

घरी येऊन मी विचार केला. काकांनी चहाडी केली. मॅडम पुरावे गोळा करतायत. मम्मीला भोळी समजून तिच्याकडून काढून घेतायत. आणि बाराला येतात ते याचसाठी, की पप्पा समोर नकोत. मग उपाय सोपा होता. बाराला पप्पा समोर ठेवायचे. समोरासमोर आल्यावर मॅडमना काहीतरी एक खरं बोलावंच लागलं असतं.

तिसऱ्या भेटीत जाताना त्या मम्मीला म्हणाल्या होत्या, "मंगळवारी येते." मी पप्पांना सांगितलं की मंगळवारी मला भूगोलाची उजळणी तुमच्यासोबत करायचीय. पप्पांना भूगोलातलं फक्त निफाड माहीत आहे, पण त्यांनी सुट्टी बदलून घेतली.

मंगळवारी मी शाळेतून आले तेव्हापासून मम्मीची चुळबुळ. "तुम्ही जरा बाहेर फिरून या ना." "लाइटबिल भरायचं होतं ना." "भाजी तरी आणा." पप्पा म्हणाले, "मीने, मी घरात हाय तर तुला लय त्रास होतो का?" मम्मीने दोनदा फोन लावला. कोणी उचलला नाही. गाडीवर असणार मॅडम.

बाराला पाच कमी असताना टकटक झाली. दार पप्पांनी उघडलं.

मी मॅडमचा चेहरा बघायलाच उभी होते. पोरं कॉपी करताना सापडतात तेव्हा होतो तसा झाला.

"मल्हारीभाऊ, तुम्ही घरी?"

"सुट्टी बदलली. या ना मॅडम. पहिल्यांदाच येताय."

पहिल्यांदाच, म्हणे. मी मम्मीकडे बघितलं. मम्मी फरशीकडे बघत होती.

"नाही, बसत नाही. आज अंगारकी आहे, उपास आहे, जाते मी."

उपास म्हटल्यावर पप्पा ऐकतात होय. माणूस उपाशी आहे हे कळलं की त्यांच्या हाताला खाज सुटते. "भगर टाकतो. पंधरा मिनिटं. माझ्या हातचं न खाता जाणार असाल तर मंडळात तक्रार करीन." मम्मी उठायला लागली तर म्हणाले, "तू बस. सुट्टीच्या दिवशी तरी मला घरच्यांना खाऊ घालू दे."

भगर चढली. जिरं तुपात टाकलं. मग आमटीसाठी पप्पांनी वरच्या फळीवरून दाण्याच्या कुटाचा डबा काढला, दिवाळीपासूनचा, जो मम्मी टाकून देणार होती.

"अहो, ते कूट..." मम्मी म्हणाली.

"काय?"

मम्मी थांबली. पप्पा चमचा हातात धरून तिच्याकडे बघत होते. तिने माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं.

"काही नाही," म्हणाली.

तेव्हा मला कळलं की मम्मीलाही माहीत आहे. ज्या माणसाला वास येतो त्याला सांगता येतं, बघा जरा, खवट झालंय का. ज्याला येत नाही हे आपल्याला माहीत आहे, पण माहीत आहे हे त्याला कळू द्यायचं नाही, त्याला काय सांगणार? कूट आमटीत पडलं. वास मला ओट्यापासून दारापर्यंत आला. जुन्या तेलाच्या कॅनचं झाकण उघडल्यासारखा.

चार ताटं वाढली. मी एक घास घेतला आणि तो तोंडातच धरून बसले. मम्मी भगर इकडून तिकडे सारत होती. आणि मॅडम? मॅडम जेवत होत्या. नुसत्या जेवत नव्हत्या, बोटं चाटून जेवत होत्या.

"अजून थोडी आमटी वाढा, मल्हारीभाऊ."

मी मनात म्हटलं, हा पुरावा क्रमांक तीन. खवट आमटी मागून घेणारा माणूस सरळ असूच शकत नाही.

"पायल," पप्पा म्हणाले, "कसं झालंय?"

करार होता. पण मॅडम समोर होत्या, सेठ मॅडमच्या मागे होते, जून पुढे होता. मी घास गिळला.

"छान झालंय, पप्पा."

पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते ताटांकडे बघत होते. आधी माझं, मग मम्मीचं, मग मॅडमचं. हॉटेलात पप्पा रोज हेच करतात. गिऱ्हाईक बिल देताना छान म्हणतंच. म्हणून आत परत आलेली ताटं आधी पप्पांसमोरून जातात, मगच मोरीत. किती उरलंय, कशातलं उरलंय, बाजूला काय सारलंय. ताटाला चेहरा बदलता येत नाही, असं ते म्हणतात.

"भगर खाल्लीय. आमटी तशीच हाय," पप्पा म्हणाले. "दोघींची पण. आमटीत काय चुकलं?"

शेवटी मॅडम पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "कूट खवट होतं."

"मग तुम्ही सगळं खाल्लं ते?"

"भूक होती. आणि तुमच्यासमोर टाकवेना."

पप्पा खाली बसले. "कधीपासून माहीत हाय?"

"महिना झाला. निवृत्तीभाऊंनी सांगितलं. रागावू नका त्यांच्यावर. मागच्या महिन्यात खराब झालेलं चिकन तुम्ही हंडीत टाकलं होतं. त्यांनी ती हंडी मुद्दाम सांडली आणि बोलणी स्वतः खाल्ली. ते रोज चाखतील हो तुमच्यासाठी. पण गुरुवारी त्यांची सुट्टी असते. गुरुवारी कोण चाखतं?"

गुरुवारी कोणी चाखत नव्हतं. एवढ्या हिशोबात मी गुरुवार धरलाच नव्हता. त्या आमटीच्या वाटीपुढे बसून तो मला पहिल्यांदा दिसला.

"बाराला का येत होतात?" मी विचारलं.

"चारला आले असते तर दार तुझ्या पप्पांनी उघडलं असतं. त्यांच्यासमोर तुझी आई बोलली असती का? डॉक्टर ठरवलाय मी, नाक-कान-घशाचा, मंडळाकडून. यांना तयार कसं करायचं तेवढंच आम्ही बोलत होतो. आणि हे सगळं तुला माहीत नाही असं तुझ्या आईला वाटत होतं. म्हणून साखर."

मम्मी म्हणाली, "आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"दोघी गप बसा," पप्पा म्हणाले. मग मॅडमना, अगदी हळू, "डॉक्टरकडे येतो. शेफला पण मीच सांगतो, आजच. आपल्या हातून कोणाच्या पोटात वाईट गेलं तर उस्ताद कसले आपण. पण मला खाली कांदे कापायला बसवतील, नायतर घरी. मग पोरीची शाळा?"

"आजारपणात काम सुटलं तर मूल दहावीपर्यंत शाळेतच राहतं. नियम आहे."

ऐकायला छान होतं. कूटही दिवाळीला छानच होतं.

"सेठनी विचारलं तर तुम्ही काय सांगाल?" मी म्हटलं.

"खरं सांगेन. माझा पगार त्यांच्याच मंडळातून येतो, पायल. माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेव असं मी म्हणत नाही."

"मग लेखी द्या."

"पायल," मम्मी म्हणाली.

"देऊ दे ना. नियम आहे तर लिहायला काय जातंय?"

मॅडम हसल्या नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय. त्यांनी फाइलमधून मंडळाचा कागद काढला, हात धुऊन आल्या आणि लिहिलं. कुमारी पायल मल्हारी हिचा प्रवेश वडिलांच्या नोकरीची अट न लावता दहावी पूर्ण होईपर्यंत कायम राहील, नियम अमुक, कलम तमुक. मी दोनदा वाचलं. तारीख नव्हती, ती घालून घेतली. हुद्दा नव्हता, तोही घालून घेतला. शिक्का ऑफिसात होता, तर मी म्हटलं, चला, मी येते ऑफिसात.

पप्पांनी चपला घातल्या आणि हॉटेलच्या दिशेने निघाले, सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या हातांनी. मी मॅडमच्या स्कूटरवर मागे बसले. सिग्नलला त्यांनी विचारलं, "आता तरी पटलं का?" मी म्हटलं, "नियमांचं पुस्तक बघितल्यावर सांगते." पुस्तक बघितलं. कलम होतं. खाली ‘मंडळाच्या संमतीने’ असे दोन शब्दही होते, जे मॅडमनी माझ्या कागदावर लिहिले नव्हते. विसरल्या, की मुद्दाम सोडले, आणि मुद्दाम सोडले तर कोणाच्या बाजूने, हे मी अजून ठरवू शकलेली नाही. मी काही बोलले नाही. शिक्का मारून घेतला.

येताना त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक मम्मीच्या मशीनच्या खणात आहे. एक शाळेत बाईंकडे. तिसरी कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्यांत मंडळाच्या ओळखीचं कोण असेल, काय सांगावं.