डाव्या सीटसमोरचा खंडोबा

पितळेचा घोडा.

उत्तरायणातून उरलेली पतंगाची दोरी.

सीटखाली घरंगळलेलं, वाळलेलं खंडेराव मार्केटमधलं वांगं.

वाटीभर दही.

मित्रांनो, हे सारं माझ्या पोटातलं. मी एक जुनी पांढरी गाडी आहे, बडोद्याची. मला दुःख होत नाही, आनंदही होत नाही. काच वर जाते, काच खाली येते. तसंच सांगते.

जन्म. एका यंत्राने दारं बसवली, दुसऱ्याने काचा. पुढच्या डाव्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या झाकणाखाली, एक दुमडलेली पिशवी बसवली. तिला एअरबॅग म्हणतात. धडक झाली की धातूचा लहान डबा ती पिशवी क्षणात फुगवतो आणि बसलेल्याचं डोकं वाचतं. माझ्या डब्यात खोट राहिली होती. पिशवी फुगवताना डबाच फुटला असता आणि पत्र्याचे तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर आले असते. तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

पहिले मालक तात्यासाहेब. मला रोज पुसायचे. "लोणी आहे लोणी," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी मला जयसिंगरावांना विकलं. लांबचे नातेवाईक.

"आपल्यातलीच गाडी. तिचं काय बघायचं?" जयसिंगराव म्हणाले, आणि खरंच काही बघितलं नाही.

मांजलपूर, जयसिंगरावांचं घर. स्नेहलताबाईंनी, म्हणजे जयसिंगरावांच्या पत्नीने, माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली. लहरीपुऱ्याच्या बाजारातून पितळेचा खंडोबा आणला. घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला. जयसिंगरावांनी तो डाव्या सीटसमोर चिकटवला. बरोबर त्या झाकणावर. तोंड आत, बसणाऱ्याकडे. त्या सीटवर स्नेहलताबाई बसायच्या.

"कुलदैवत समोर असलं की हायवेची भीती नाही," त्या म्हणायच्या.

मग बरीच वर्षं. तीच शाळा, तीच भाजी, तेच सिग्नल.

एका बारशाला तात्यासाहेब भेटले. माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "अरे, हिच्या कंपनीवाल्यांचे अजून फोन येतात मला. काहीतरी बदलून देतो म्हणतात, फुकट. फुकट कोण देतं रे? मी सांगतो, विकली हो ती गाडी, आणि ठेवून देतो."

जयसिंगराव हसले. त्यांची मुलगी मिताली हसली नाही. तिने तिथेच उभ्या उभ्या माझा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला.

"पप्पा, काम बाकी आहे. एअरबॅगचं. तोवर डाव्या सीटवर कोणाला बसवू नका, असं लिहिलंय."

सर्व्हिस सेंटर. तिथल्या माणसाने झाकण पाहिलं, मग खंडोबा पाहिला.

"काका, पार्ट फ्री छे, काम पण फ्री. पण पहेला आ भगवानने उठाववा पडशे."

"तसंच नाही का होणार?"

"झाकण ज नहीं खुले. अने साचुं कहुं? अ‍ॅक्सिडेंट थाय तो पिशवी पछी, पहेला आ घोडो उडीने काकीने वागशे."

स्नेहलताबाईंना समजलं: धडकेत पिशवीआधी घोडाच उडून त्यांना लागणार. बडोद्यात गुजराती सगळ्यांना समजतं.

"पितृपक्ष चालू आहे," त्या म्हणाल्या. "पितृपक्षात देव हलवतात का? आणि नवरात्रात तर नाहीच. दसऱ्याला गाडीची पूजा, तेव्हा देव नको समोर? दसरा झाला की बघू."

आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी स्नेहलताबाई पुढेच बसल्या.

"मम्मी, मागे बस."

"मागे मला मळमळतं."

असं रोज. मग एका सकाळी त्या खाली आल्या, तर डाव्या सीटवर मिताली बसलेली. पट्टा लावून.

"ऊठ तिथून."

"का? खंडोबा आहे ना समोर."

"जास्त बोलू नकोस. ऊठ म्हणते ना."

"तुला चालतं, मग मला का नाही?"

"माझं काय, माझं झालं आता सगळं."

"बरं. मग तुझं सगळं झालंय, हे पप्पांना सांग. ते ऐकतायत."

जयसिंगराव स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. इंजिन चालू होतं. एसीचा आवाज येत होता. स्नेहलताबाई दार धरून उभ्या होत्या. मितालीकडे बघत होत्या, मग घोड्याकडे. पुन्हा मितालीकडे.

"थांबा," त्या म्हणाल्या. "दही घेऊन येते."

सर्व्हिस सेंटरच्या आवारात खंडोबाची उत्तरपूजा झाली. स्नेहलताबाईंनी अक्षता वाहिल्या, देवाच्या हातावर दही ठेवलं आणि रीतीप्रमाणे मूर्ती जागेवरून जराशी हलवायला बोट लावलं. मूर्ती हलली नाही.

"अहो, काय लावलंत एवढं?"

"तूच म्हणालीस, घट्ट बसवा."

सर्व्हिसवाल्याने माझ्याच ड्रॉवरमधून पतंगाची दोरी काढली, घोड्याच्या पायांखाली घातली आणि करवतीसारखी मागेपुढे ओढली. जयसिंगराव हळूच "येळकोट" म्हणाले. खंडोबा सुटला. स्नेहलताबाईंनी तो पदरात घेतला. दही मॅटवर सांडलं.

झाकण उघडलं. जुना डबा निघाला, नवा बसला. जुना खोक्यात गेला. मला काही वाटलं नाही.

संध्याकाळी स्नेहलताबाई पुढे बसल्या. मिताली मागे. मी घरी आले.

मित्रांनो, आम्हाला पुसा, चाकांत हवा भरा, पूजाही करा. पण जुनी गाडी घेतलीत तर ती कितीही घरातली असो, तिचा नंबर टाकून बघा. विकलीत तर नव्या मालकाचा फोन कंपनीला कळवा. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या पोटात काय आहे, ते तुम्हालाच विचारावं लागतं.

कंपनीचा पहिला फोन आला, तेव्हा मी अजून तात्यासाहेबांच्याच दारात उभी होते.