खडूच्या चौकोनातली वही

मी प्रॉम्प्टिंगची वही बोलतेय. जरा कान देऊन ऐका. एक पान सोडलं तर माझ्यातलं सगळं आजवर कुजबुजूनच वाचलं गेलंय, त्यामुळे मोठ्याने बोलायची मला सवय नाही.

मूळची मी तीनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या एका बाईने मला विकत घेतलं. दुकानातून सुटली की ती हौशी नाटकमंडळींच्या तालमीला जाते. तिथे तिला सगळे विंगताई म्हणतात, कारण दहा वर्षांत ती विंगेच्या बाहेर कधी आलीच नाही. नटाला वाक्य आठवलं नाही की पुढचा शब्द हळूच पुरवायचा, एवढंच तिचं काम. एवढंच, असं लोक म्हणतात. ती तापाने निजली होती त्या दिवशीची तालीम वीस मिनिटांत आटोपली, हे मात्र कुणी बोलत नाही.

माझ्या पुढच्या बाजूने तिने नाटक उतरवून काढलं. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खोलीत, तिने मला उलटं केलं आणि शेवटच्या पानापासून कादंबरी लिहायला घेतली. चष्मे करणाऱ्या एका माणसाची नजर हळूहळू जाते आणि तो ते गिऱ्हाइकांपासून, घरच्यांपासून लपवत राहतो, अशी ती गोष्ट. एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने वाक्य, असं करत तिला चार वर्षं लागली.

तिने ती कुणालाही दाखवली नाही. घरी नवऱ्याला वाटायचं, नाटकाचं काहीतरी लिहितेय. मोठ्या बहिणीने एकदा खोदून विचारलं, तर म्हणाली, पुरं झालं की बघू. ते पुरं होऊनही दोन महिने झाले होते. मला तिचा रागच यायचा. जगाच्या तोंडात वाक्यं घालणारी ही बाई, आणि स्वतःच्या वाक्यांच्या बाबतीत तोंडात मिठाची गुळणी. दुसरी प्रतही केली नव्हती. दोनशे बारा पानं होती, आणि ती फक्त माझ्या पोटात.

आता आमच्या नायकाबद्दल सांगते. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो आणि अंगावर प्रकाश पडला की याचंच तोंड उघडत नाही. पण एक गुण आहे. विंगेतून जे ऐकू येईल ते तो मागचापुढचा विचार न करता बोलून टाकतो. एका तालमीत विंगताई कुणाला तरी म्हणाली, "जरा तो पंखा बंद करा." डॉक्टरांनी ते वाक्य नाटकातल्या आईकडे बघत, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. दिग्दर्शक सर शाळेत गणित शिकवतात. ते डोकं धरून खालीच बसले.

नाटकाच्या तिसऱ्या अंकात मुलाला मेलेल्या वडिलांची वही सापडते, आणि आईशी भांडता भांडता तो त्या वहीची अकरा पानं एकेक करून फाडतो, तुकडे तुकडे करतो. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला फाडायला एक नवी वही लागते. कोऱ्या वहीला खाकी कागद चढवून विंगताईच ती तयार करायची. माझंही कव्हर त्याच गुंडाळीतलं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं.

रंगमंचावरच्या सामानाचं बघतात ते खडूकाका. जन्मभर नकाशे काढून निवृत्त झाले, पण हात स्वस्थ बसत नाहीत. विंगेतल्या टेबलावर ते प्रत्येक वस्तूचा आकार खडूने आखतात. कपाचा गोल, काठीची लांब पट्टी, वहीचा चौकोन. ज्या आकारात जे ठेवलंय ते रंगमंचावर जाणार, आणि नटाखेरीज त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. तो मोडणाऱ्यांना सगळ्यात जास्त झापायची ती विंगताईच, तेही कुजबुजत.

स्पर्धेची शेवटची फेरी दुपारी होती. दहा वर्षांत मंडळी प्रथमच तिथवर पोचली होती. पडदा मध्येच पडला तर नाटक बाद, हे सरांनी सगळ्यांना तीनतीनदा बजावलं होतं. दोन अंक बरे गेले. तिसरा सुरू व्हायला मिनिटभर असताना आईचं काम करणाऱ्या पोस्टातल्या बाईंच्या पाठीवरची चेन उसवली. टाचण्या लावायला दोन्ही हात हवेत म्हणून विंगताईने मला पटकन टेबलावर ठेवलं.

चौकोनात ठेवलं. त्या कोऱ्या वहीच्या वर, आणि तेही पालथं.

मला बोलता आलं असतं तर मी किंचाळले असते. पडदा उघडला. डॉक्टर आले, वरची वही उचलली आणि रंगमंचावर निघून गेले. विंगताईने मागे वळून हात लांब केला, हाताला आली ती वही उघडली. पान कोरं होतं. तिने दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. मग तिने रंगमंचाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा मी पाहिला.

डॉक्टरांच्या मुठीत माझं पहिलं पान आलं. कादंबरीचं पहिलं. ते फाटताना झालेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. अजून दहा पानं जायची होती.

विंगेत दोरी धरून उभा असलेला पडदेवाला विंगताईकडे बघत होता. खडूकाका टेबलापाशी गोठले होते. तिने नुसती मान हलवली असती तर पडदा पडला असता. मी वाचले असते आणि नाटक गेलं असतं. तिने मान हलवली नाही. दुसरं पान फाटलं. मला वाटलं, हिने मला सोडलं. चार वर्षांच्या सोबतीचं हे फळ. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी तिचा द्वेष केला.

डॉक्टरांनी तिसरं पान धरलं आणि विंगेतून आवाज आला, "थांब."

हातात नाटक नव्हतं तिच्या. जे वाक्य ती देत होती ते नाटकातही नव्हतं, आणि परीक्षकांपुढे नाटकाची प्रत उघडी होती. पण डॉक्टर ते डॉक्टर.

"थांब," ते स्वतःलाच म्हणाले.

"आधी वाचतो. मग फाडतो."

"आधी वाचतो," डॉक्टर म्हणाले, "मग फाडतो."

पुढे ती गप्प झाली, कारण पुढचं तिच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बोटांना सुटलेला घाम माझ्या कागदाला लागला. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"आज मला माझ्या लेकराचा चेहरा दिसला नाही. चपलांच्या आवाजावरून ओळखलं, आणि दिसल्यासारखा हसलो. लेकरूही हसलं असेल. मी धरून चाललो की हसलं."

डॉक्टर ते अख्खं पान वाचत गेले, आणि एकदाही अडखळले नाहीत. विंगताई विंगेत उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग तिने आईला हळूच पुढचं वाक्य दिलं, "माझ्याकडे दे ती वही." पोस्टातल्या बाईंनी मला घेतलं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं की एक टाचणी मला टोचली. पुढचं नाटक ठरल्याप्रमाणे झालं.

पडदा पडल्यावर सर तावातावाने आत आले. वाक्यं बदलली म्हणून परीक्षक गुण कापणार, हे त्यांना कळत होतं, आणि ते कापलेच. आमचा नंबर आला नाही. पण तेव्हा सरांनी एवढंच विचारलं, "ते पान कुणी लिहिलं?"

खडूकाका रंगमंचावर गुडघे टेकून तुकडे वेचत होते.

"मी लिहिलंय," विंगताई म्हणाली.

कुजबुज नव्हती ती. खणखणीत आवाज होता. दहा वर्षांत तो कुणी ऐकला नव्हता, आणि मीसुद्धा नाही.

डॉक्टर मला परत द्यायला आले आणि द्यायचे थांबले. म्हणाले, "विंगताई, पुढे काय होतं हो त्या माणसाचं?" त्या रात्री मी दातांच्या डॉक्टरांच्या घरी मुक्कामाला होते. तिनेच दिलं मला.

खडूकाकांनी ते तुकडे टेबलावर नकाशासारखे जुळवले. आता माझ्या दोन पानांवर चिकटपट्ट्या आहेत. कोपऱ्याचा एक कपटा सापडला नाही, त्यावर चार शब्द होते. मला ते पाठ आहेत, पण वहीने सांगायचं कसं? तिने नवे चार शब्द लिहिले. मान्य करायला जड जातं, पण नवे बरे आहेत.

सध्या ती माझी स्वच्छ प्रत करतेय, घरी, जेवायच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. ती झाली की मी कपाटात जाईन. त्याचं दुःख नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी उलट्या बाजूने भरलेली असेल, तर तिची एक प्रत तेवढी करा. आणि ती चुकून कुणाच्या हाती पडायच्या आधी, तुम्हीच आपल्या हाताने कुणाला तरी द्या. वाईट काय होईल? दोन पानं फाटतील. मला विचारा, तेवढं सोसतं.