ओव्याच्या तेलाचा गोल

ऐश्वर्या कॉलेजातून कनेरगावला आली, तर घरभर ओव्याचा उग्र वास. ओसरीत बाप, सोनाजी, पायाला फडकं गुंडाळून बसलेला.

दोन महिन्यांमागं तिनंच तर फुशारकी मारली होती! तिचं एम.एस्सी.चं काम म्हणजे ओव्याच्या तेलात थायमॉल किती ते मोजायचं आणि त्यानं जंतू मरतात का ते पाहायचं. काचेच्या बशीत जंतू वाढवले, मधे तेलाचा थेंब ठेवला, तर थेंबाभोवती स्वच्छ गोल पडला. त्या गोलात औषधालाही जंतू उरला नाही. तिनं काढलेला त्या गोलाचा फोटो सोनाजीनं नाक्यावरून मोठा करून आणला आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला. येईल त्याला सांगायचा, "माह्या पोरीनं मारले." तेलाची एक बाटली तिनं हौसेनं घरी ठेवली होती. कुठून बुद्धी झाली कोण जाणे!

"खिळा लागला व्हता," पद्माबाई, तिची आई, म्हणाली. "वीस दिवस झाले. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतेत."

"काहून न्हाई गेले, बाबा? तुमाला शुगर हाय ना!"

"घरात एवढी शिकलेली पोरगी असताना? रोज तुझं तेल लावून राहिलो. निव्वळ, काई न मिसळता. जराबी तकलीफ न्हाई."

तकलीफ कशी होईल? शुगरनं तळपाय कधीच बधिर झालेला. तेलानं कातडी जळाली तरी त्याला पत्ता नाही.

"बाबा, ते बशीतलं व्हतं! जित्या माणसाच्या पायावर कोणी लावून पाह्यलं न्हाई!"

सोनाजी हसला. त्यानं फडकं सोडलं. काळ्या जखमेभोवती मेल्या कातडीचा पांढरा गोल होता आणि सूज पार घोट्यापर्यंत चढलेली.

"भिताडावरचा बघ आन हा बघ," तो म्हणाला. "बराबर तसाच न्हाई का? रोज वाढून राहिला."

चुलीत गेली ती एम.एस्सी.! तिनं हाका मारून जीप बोलावली. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला, वास घेतला आणि तिच्याकडं वळून म्हणाले, "उशीर झाला. गुडघ्याखाली कापावा लागेल. सही करा."

सोनाजीनं तिचा हात धरला. "पोरी, त्यांला फोटो दाखव. गोल बघितला की कोणी कापायचं न्हाई."

फोटो तिच्या मोबाईलमध्येच होता. तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला, बापाचा धड पाय छातीशी धरला आणि ढसाढसा रडली.

"दाखव ना," तो म्हणत राहिला.