माझी कोरी बाजू

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. भाजी चिरायची साधी लाकडी फळी. लगेच नाकं मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या. माझ्या एका कोपऱ्यात बिजागरीची खाच आहे, कारण पूर्वी मी एका दाराचा तुकडा होते. ते दार मोडीत निघालं तेव्हा सुतारबाबांनी मला बाजूला काढून ठेवलं. त्यांच्या लेकीचं नुकतंच लग्न झालं होतं. लेकीचा मटण-माशांवर भारी जीव आणि जावई जन्मात त्या वाटेला न गेलेला. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण स्वयंपाकघर पडलं इवलंसं. ओट्यावर दोन फळ्या ठेवायला जागाच नव्हती.

बाबांनी मला रंधा मारला, घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि टांगायला एक भोक पाडलं. मग खिळा लाल होईपर्यंत तापवून माझ्या एका बाजूवर पान काढलं. "ही झाली भाजीची बाजू. दुसरीवर काय काढू? मासा काढू का?" त्यांनी विचारलं.

"नको बाबा, ती कोरीच राहू दे. सासूबाई कधी आल्या तर त्यांच्या डोळ्यांत खुपायला नको," लेक म्हणाली.

बाबांनी खिळा पाण्यात टाकला. मला मात्र तेव्हाच वाईट वाटलं होतं. माझ्या अर्ध्या अंगाची लाज वाटण्यासारखं मी काय केलं होतं?

पुढची नऊ वर्षं मी नेटानं काम केलं. पानाच्या बाजूवर रोज कोबी, दुधी, टोमॅटो. कोऱ्या बाजूवर फक्त रविवारी मटण, नाहीतर मासे. मासे आणायला नवराच जायचा, पण पिशवी अशी हातभर लांब धरून यायचा, की बायको हसून हसून बेजार व्हायची. काम झालं की ती मला मीठ लावून गरम पाण्यानं खसाखसा घासायची आणि खिळ्याला टांगायची. पान खोलीकडे, कोरी बाजू भिंतीकडे. शेजारीण आली की म्हणायची, "काय देखणी फळी आहे गं!" ते सगळं कौतुक पानाचं. भिंतीकडे तोंड करून बसलेलीला कोण विचारतो?

पण मित्रांनो, रोजच्या घासण्यानं पान हळूहळू पुसट होत गेलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. खाच डावीकडे आली की पान वर, हे त्या दोघांच्या हातांना पाठ झालं होतं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सासूबाई राहायला आल्या. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली ती बाई, बोलणं मोजकं, नजर सुईसारखी. येताना स्वतःचं पातेलं आणि पिशवी घेऊनच आल्या. दारातच म्हणाल्या, "तुम्ही काय खायचं ते खुशाल खा. पण माझ्या ताटात सरमिसळ नको."

"नाही होणार, आई. शब्द देते," सूनबाई म्हणाली. फळीवरच्या पानाची बाजू तुमची, हेही तिनं सांगितलं. दुसऱ्या बाजूचं नाव मात्र काढलं नाही. सासूबाई गुडघ्याच्या व्यायामाला गेल्या की ती चोरून मटण शिजवायची आणि त्या येण्याआधी खिडक्या उघडून ठेवायची.

सासूबाईंचं पातेलं महिनाभर वेगळं राहिलं. नंतर ते आपसूक कपाटात गेलं आणि एके सकाळी सूनबाई बाहेर गेली असताना त्या म्हणाल्या, "आज काकडी मी चिरते." मला खाली काढलं, चष्मा लावला, उलटून पालटून पाहिलं. पान तर कधीच विरलं होतं. कोऱ्या बाजूवरच्या सुरीच्या चरांमध्ये त्यांना पानाच्या शिरा दिसल्या. "हेच ते पान," असं म्हणून त्यांनी तिथेच काकडी चिरली. अहो, ती बाजू नाही, असं मी जीव तोडून ओरडले असते, पण लाकडाला तोंड कुठलं! चार चकत्या मीठ लावून त्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या.

सूनबाई आली, तिनं खाच उजवीकडे पाहिली, वर चिकटलेल्या काकडीच्या बिया पाहिल्या आणि काय घडलं ते ओळखलं. दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. मला धुऊन टांगून टाकलं असतं, तर विषय तिथेच संपला असता. तिनं मला धुतलंही. पण टांगलं नाही, दिवसभर मी ओट्यावरच पडून होते.

संध्याकाळी ती सासूबाईंसमोर उभी राहिली. "आई, सकाळी तुम्ही काकडी चिरलीत ती मटणाची बाजू होती. घासलेली होती, पण मटणाचीच. मी शब्द मोडला. आता मी मांस कायमचं सोडते."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या खोलीत गेल्या आणि जेवायलाही आल्या नाहीत. सूनबाई ओट्याशी रडली. तिची आसवं माझ्यावर पडली, ती कुणी पुसली नाहीत. आई आता निघून जाणार, पुन्हा या घरात पाण्याचा घोटही घेणार नाही, असंच नवरा-बायको धरून चालले होते.

सकाळी सासूबाई खरंच पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला.

"रात्रभर राग आला होता. अजून आहे," त्या म्हणाल्या. "पण ऐक. माझ्या माहेरी सगळे मांस खायचे. मी अकरा वर्षांची असताना सोडलं. कुणाच्या धाकानं नाही, मला वाटलं म्हणून. माझ्या आईनं तोंड वाकडं न करता मला वेगळं पातेलं दिलं, तेच हे कपाटातलं."

मुलाला हे ठाऊकच नव्हतं!

"तुलाही वाटेल तेव्हा सोड, न वाटलं तर नको सोडूस. माझ्या भीतीनं सोडलंस तर ते सोडणं नव्हे गं, लपवणंच झालं. आणि लपवलंस म्हणून तर घोटाळा झाला. आमच्या धंद्यात खूण केल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत. एक बाजू कोरी ठेवतं का कुणी?"

मग माझ्या कोऱ्या बाजूवर त्यांनी खडूनं मासा काढला. गुबगुबीत, थोडा हसरा. मुलाला खिळा तापवायला लावला आणि त्या रेघांवरून मासा डागून घेतला. त्याच खिळ्यानं पलीकडचं पानही गिरवून घेतलं. चटका बसला, पण मित्रांनो, असा सुखाचा चटका मला कधी बसला नव्हता. सूनबाई रडता रडता हसली. "आई, हा मासा माझ्यापेक्षा जाड आहे!"

परवा पाहुणे आले तेव्हा मासा खोलीकडे होता. सूनबाईचा हात सवयीनं मला उलटायला पुढे आला. सासूबाई म्हणाल्या, "असू दे."

सूनबाईनं मांस सोडलं की नाही, ते मला विचारू नका. ती तिची बाब आहे आणि दोन्ही बाजू माझ्याच आहेत. माझं मागणं इतकंच, मित्रांनो. तुमच्या घरच्या फळीला घासा, पुसा, खूण पुसट झाली तर वेळेवर गिरवा. आणि टांगताना कोणतीही बाजू पुढे ठेवा, फक्त ओली टांगू नका.