चौदानंतर सतरा

माझ्या भाचीवर मला संशय आला तो पानांच्या आवाजावरून.

मी शिवणकाम करणारी बाई. खिडकीशी माझं मशीन, मागे तिचं टेबल. कॉलेजसाठी ती माझ्याकडे राहायला आलेली, आणि कॉलेज सगळं परक्या भाषेत. वाचनाच्या परीक्षेहून "सगळं सोपं होतं" म्हणत घरी आली आणि नापास झाली. येत्या गुरुवारी शेवटची संधी, नाहीतर कॉलेजातली जागा गेली.

म्हणून रोज तीन तास वाचन. पण पान उलटायचं ते घड्याळ लावल्यासारखं. सरळ शिवण आणि बाही जोडायच्या मुंढ्याचं वळण एकाच वेगानं जात असेल, तर शिवणारीचं लक्ष कापडावर नाही असं समजावं.

मांडीवर मोबाइल असेल म्हणून चहाच्या निमित्तानं दोनदा डोकावले. नव्हता. हातात हायलायटर आणि अख्खं पान पिवळंधमक. माझा संशय आणखी वाढला. सगळंच महत्त्वाचं कसं असेल?

मग मी एक पाप केलं. ती अंघोळीला गेल्यावर तिच्या झेरॉक्सच्या सुट्या कागदांतलं सतरावं पान उचलून चौदाव्यामागे ठेवलं. तळाशी आकडे ठसठशीत. बाईसाहेब आल्या, चौदा उलटलं, सतरा उलटलं, पुढे पंधरा. वेग तसाच.

मी पायडलवरचा पाय काढला आणि चौदानंतर कुठलं पान वाचलंस, ते विचारलं. तिनं पाहिलं. आता माझ्यावर चिडेल असं वाटलं, पण ती हळूच म्हणाली, "काही अर्थ लागत नव्हता गं मावशी. पण तो रोजच लागत नाही. भाषा माझी नाही ना, मला वाटलं चूक माझीच असणार."

चोर पकडायला निघालेल्या मला तोंड कुठं लपवू असं झालं.

पान मीच हलवलं हे कबूल केलं आणि टाचण्यांची डबी तिच्यापुढे सरकवली. अडलं तिथं टाचणी लाव म्हटलं, मागच्या चार ओळी आपल्या भाषेत मला सांग, सांगता आल्या नाहीत तर उसव आणि परत वाच. सातवीत शाळा सुटल्यावर मी जे काही वाचलं, ते असंच. पहिल्या संध्याकाळी एका पानाला अकरा टाचण्या लागल्या. तिचे डोळे भरले. काल एकही नव्हती, ते जास्त वाईट, असं मी सुनावलं.

बुधवारी पानांचा आवाज थांबला. बराच वेळ. मग मागून संशयी सूर आला, "मावशी, परत पानं हलवलीस?"

"नाही गं, शपथ."

तिनं तळाचे आकडे तपासले. बरोबर होते.

"मग हे मलाच कळलेलं नाही," ती म्हणाली. आवाज पडलेला नव्हता. तिनं टाचणी लावली आणि पान मागे उलटलं.

गुरुवारी परीक्षेहून आली, चपला काढता काढता म्हणाली, "दोन ठिकाणी अडले. एक परत वाचल्यावर सुटलं. दुसरं कुठलं, ते सांगू?"

निकाल लागायचा होता. तरी मी मशीन बंद केलं आणि म्हटलं, सांग.