कढई चढली नाही

संपदा आमच्या मागच्या खोलीत राहायला आली ती जुलैच्या थंडीत; जगाच्या या खालच्या टोकाला ऋतू उलटे. न्यू लिनमधली जुनी घरं लाकडाची, गारठा भिंतीतूनच आत येतो. पोरगी स्वेटरवर स्वेटर चढवून, वर शाल गुंडाळून अभ्यासाला बसायची. संध्याकाळी अंगण ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात यायची, चहासाठी कमी आणि बोलण्यासाठी जास्त.

ती कराडची. आई-वडील नोकरीला, त्यामुळे आजोबांजवळ वाढलेली. त्यांना ती तात्या म्हणायची. दर दुसऱ्या वाक्यात तात्या. माझा नातू अक्षत इथेच जन्मलेला, त्याला मराठी कळतं पण तोंडातून इंग्रजीच येतं. एकदा त्याने विचारलं, "हू इज तात्या? युअर बॉस?"

"बॉसच," ती म्हणाली. "त्यांनीच पाठवलंय मला. घरात बाकी सगळे नको म्हणत होते."

सुरुवातीला ती फार रडली. वर्गात मास्तरांचं बोलणं कळायचं नाही, बस चुकायची, भाताला चव लागायची नाही. सप्टेंबरात पिवळी फुलं आली तोवर ती रुळली होती. बसच्या ड्रायव्हरला इथला नमस्कार म्हणून 'किया ओरा' म्हणायची आणि मलाच शिकवायची, "आजी, स्लिपर नाही म्हणायचं इथे. जँडल्स."

ऑक्टोबरात एका सकाळी तिच्या काकांचा फोन आला. हे काका, विश्वनाथराव, आणि माझा मुलगा सुधाकर जुन्या ओळखीचे, त्या ओळखीनेच ती आमच्याकडे राहायला आली होती. सुधाकर फोन घेऊन बाहेर गेला, आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"आई, संपदाचे तात्या गेले. झोपेतच. काका म्हणतायत, परीक्षा होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. वर्ष बुडेल पोरीचं. मी शब्द दिलाय."

मलाही ते बरोबर वाटलं. आमच्याकडे असंच करतात. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला परीक्षेआधी वाईट बातमी कोणी देत नाही.

ती मधूनमधून म्हणायची, "तात्या हल्ली फोनवर येतच नाहीत. मी करते तेव्हा झोपलेले असतात म्हणे. या दोन देशांच्या घड्याळांचं काही जमत नाही बघा." मी पोळी लाटत राहायची.

दिवाळी तोंडावर आली आणि ती भाजणीचं पाकीट नाचवत आत शिरली.

"आजी, शनिवारी कढई ठेवायची! कडबोळी मी करणार. व्हिडिओ काढून तात्यांना पाठवते. दात नाहीत त्यांना, चहात बुडवून खातात, आणि वर म्हणतात, कडक झालीत."

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी दिवाळीला त्या घरची कढई चढत नाही. तळण करायचं नाही. शेजारीपाजारी फराळाचं ताट नेऊन देतात. आणि ही पोर त्याच घरची.

"तेल संपलंय," मी म्हणाले.

"डेअरीतून आणते की. कोपऱ्यावर तर आहे ते दुकान."

"धुराने तो अलार्म बोंबलतो."

"मी हीप्स, म्हणजे ढीगभर वेळा वाजवलाय तो. टॉवेलने वारा घालायचा, गप्प बसतो."

"माझा खांदा दुखतोय गं."

"तुम्ही खुर्चीवर बसून हुकूम सोडा. तळते मी."

"तुझ्या हातचं नको यंदा," मी बोलून गेले.

तिचं हसू गेलं. "बरं," म्हणाली आणि पाकीट घेऊन निघून गेली. भाड्याने राहणारी ती परकीच, असं तिला वाटलं असणार.

सुधाकर माझ्यावर चिडला. "तळू द्यायचं तिला. इथे कोण बघतंय?"

"आणि उद्या कळल्यावर? तात्या गेले आणि मी इकडे तळण तळत होते, हे तिच्या मनातून कधी जाईल का रे?"

"आई, मी शब्द दिलाय."

"दिलायस ना. मी तोंडाने काही बोलणार नाही."

शनिवारी मी एकटीनेच चकल्या, शेव, कडबोळी केली. ताट भरलं, वर फडकं टाकलं आणि अंगण ओलांडून तिच्या खोलीत नेलं. एरवी ती आमच्याच टेबलावर जेवायची, तिच्या खोलीत ताट असं कधी गेलं नव्हतं.

"राग आला म्हणून इथे आणून दिलंत?" ती म्हणाली. "मी आले असते की."

मी ताट ठेवलं. हळदकुंकू लावलं नाही, दिवाळीच्या शुभेच्छाही दिल्या नाहीत. तिने फडकं उचललं. कडबोळ्यांकडे बघत उभी राहिली.

"आमची आजी गेली त्या वर्षी," ती हळूच म्हणाली, "गल्लीतल्या सगळ्या घरांतून अशी ताटं आली होती." मग वर बघितलं. "आजी, कोण गेलं?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. "तात्या."

ती खाली बसली. मी शेजारी बसले.

रडून झाल्यावर तिला न्हाणीघरात नेलं. मरणाची बातमी कळली की डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. शॉवर असूनही मी बादली भरली आणि तांब्याने पाणी घातलं. डोळे मिटून, हात जोडून ती उकिडवी बसली होती.

सुधाकर दाराशी आला, तेव्हा ओल्या केसांनीच ती त्याला म्हणाली, "वर्ष बुडेल म्हणून लपवलंत ना? इथे नाही बुडत, दादा. घरचं कोणी गेलं तर पेपर पुढे देता येतो. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आम्हाला. तुम्ही पण इथेच शिकलात."

सुधाकर मान खाली घालून उभा राहिला. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं," म्हणाला.

"तोंड दिसलं नसतंच कदाचित. पण मी निघाले तरी असते."

कराडच्या घड्याळात किती वाजले असतील हे न बघता तिने आईला फोन लावला.

त्यानंतर बरेच दिवस ती स्वयंपाकघरात आली नाही. पेपर तिने पुढे ढकलून घेतले. मी दोन वेळचं अन्न तिच्या दाराशी ठेवायची, डबा सकाळी धुतलेला मिळायचा. फराळाचं ताट मात्र परत आलं नव्हतं.

मग एका सकाळी ते आमच्या पायरीवर दिसलं. घासून लख्ख केलेलं, रिकामं. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, निदान साखरेचे चार दाणे तरी ठेवावेत अशी रीत आहे. दुःखाच्या घरातून मात्र ते रिकामंच येतं. पोरीला तेही ठाऊक होतं.

मी ताट उचललं. तिच्या खोलीचं दार उघडं होतं, ती उंबऱ्यावर बसली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं, दोघींपुरतं.